शाळकरी मुले आणि माजी सैनिक: ‘व्हेटरन्स हिस्ट्री प्रोजेक्ट’ कसा वाटला?

वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयातर्फे चालणाऱ्या ‘व्हेटरन्स हिस्ट्री प्रोजेक्ट’साठी दहावी किंवा त्यापुढच्या इयत्तेतील कोणताही विद्यार्थी अमेरिकी सैन्यातील माजी सैनिकाची मुलाखत घेऊ शकतो, आणि ती मुलाखत ग्रंथालयात कायमची जतन केली जाते. अमेरिकी संसदेने 2000 साली कायदा करून हा उपक्रम सुरू केला. पहिल्या महायुद्धापासून अलीकडच्या मोहिमांपर्यंतचे 1 लाखाहून अधिक संग्रह आज तेथे आहेत. आमच्या मुलाने अकरावीत असताना शेजारच्या, व्हिएतनामला जाऊन आलेल्या गृहस्थांची मुलाखत यासाठी घेतली, तेव्हा ही सेवा मला जवळून पाहता आली.

सगळे काम ‘फील्ड किट’ या मोफत पुस्तिकेवर चालते. सैनिकाच्या सेवेची माहिती लिहायचा अर्ज, सैनिक आणि मुलाखतकार या दोघांची स्वतंत्र संमतिपत्रे आणि ध्वनिमुद्रणात कोणत्या मिनिटाला काय आले याची नोंद ठेवायचा तक्ता तीत असतो. अर्ज दिसायला रुक्ष आहेत, पण मुलाखतीची खरी तयारी तेच करून घेतात. सेवेच्या तारखा लिहायच्या म्हणून शेजाऱ्यांनी आपले सेवामुक्तीचे ‘डीडी-214’ हे कागद शोधून काढले, आणि हुद्दा, तुकडी, सक्तीने भरती केले गेले की स्वखुशीने गेले हे सारे मुलाला ध्वनिमुद्रण सुरू होण्यापूर्वीच कळले.

मला सर्वांत मोलाची वाटली ती या प्रकल्पाची कडक शिस्त. मुलाखत किमान 30 मिनिटांची हवी, तिच्यात काटछाट चालत नाही, आणि मुलाखतकाराने मध्ये मध्ये बोलू नये अशी सूचना आहे. चित्रफीत कापून, संगीत चढवून आकर्षक करण्याची सवय असलेल्या मुलांना हे जड जाते. परंतु समोरचा माणूस बोलता बोलता अडखळला, विषयांतर करून परत मूळ मुद्द्यावर आला, तरी ते सगळे जसेच्या तसे राहते. “तिथे जेवायला काय मिळायचे?” या साध्या प्रश्नावर शेजारी सैन्याच्या डबाबंद शिध्यातल्या हॅम (डुकराचे मांस) आणि लिमा बीन्स (घेवड्यासारखे दाणे) यांच्या तिटकाऱ्याबद्दल भरभरून बोलले. तो डबा कोण कोणाच्या गळ्यात मारायचे हे सांगताना त्यांना एक मित्र आठवला आणि ते थांबले. मुलगाही गप्प बसून राहिला. मग त्यांनी आपण होऊन त्या मित्राविषयी जे सांगितले, ते लढाईविषयी थेट विचारलेल्या प्रश्नांच्या उत्तरांत कुठेच आले नव्हते. युद्धाच्या सनावळ्या पाठ्यपुस्तकात मिळतात. हे ऐकायला मात्र असेच बसावे लागते.

उणिवाही आहेत. पुस्तिका युद्धाचा इतिहास शिकवत नाही. बटालियन आणि डिव्हिजन यांतला फरकही ठाऊक नसलेल्या मुलाने आधी वाचन केलेच पाहिजे. सगळे संग्रह घरबसल्या पाहता येत नाहीत, बरेचसे पाहण्यासाठी वॉशिंग्टनच्या वाचनालयातच जावे लागते. पत्रे किंवा छायाचित्रे द्यायची असतील तर मूळ प्रती द्याव्या लागतात, त्यामुळे त्या सैनिकाच्या मुलाबाळांशी आधीच मोकळेपणाने बोलून घ्यावे. साध्या टपालाने काही पाठवू नये, कारण तेथील टपालाच्या सुरक्षा तपासणीत सामग्री खराब होऊ शकते. खासगी कुरियरच बरे. मुलाखतीची एक प्रत आपल्याकडे आणि एक त्या कुटुंबाकडे ठेवावी.

साताऱ्याच्या किंवा कोल्हापूरच्या आजोबांची मुलाखत येथे स्वीकारली जाणार नाही, पण पद्धत मात्र जशीच्या तशी उचलता येते, आणि ती उचलावी असे मला मनापासून वाटते. 1945 साली इटलीत सेनियो नदीकाठी व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळवणारे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नामदेव जाधव 1984 पर्यंत हयात होते. त्या पिढीला विचारायची वेळ आता निघून गेली आहे. 1971 च्या युद्धात विशीत असलेले जवान आज सत्तरी ओलांडून बसले आहेत. सुटीत गावी जाणाऱ्या मुलांनी ही पुस्तिका बरोबर न्यावी आणि भरतीचे साल, पलटण, हुद्दा, कोणकोणत्या ठाण्यांवर नेमणूक झाली हे रकाने मराठीत आखून घ्यावेत. फोनवरचे ध्वनिमुद्रण त्यानंतर सुरू करावे.