पेस्ट कंट्रोलवाल्यांसाठी ‘मेंदूचं संरक्षण’ करणारी व्हिटॅमिन: पाचपैकी दोन तारे

राहायला कोपरखैरणेत, धंदा पेस्ट कंट्रोलचा. नेरूळ-सीवूड्सकडे तळमजल्याच्या घरांत वाळवीसाठी भिंतीलगत ड्रिल मारून क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक सोडायचं काम आमच्याकडे जास्त. संध्याकाळी डोकं जड होतंच. वाशीतल्या एका सप्लिमेंटवाल्याने ते बरोबर हेरलं आणि बाटली पुढे केली. साठ कॅप्सूल, 1,499 रुपये. “दादा, फवारणीच्या औषधाचा मेंदूवर होणारा परिणाम हे थोपवतं.”

माल खोटा नाही, हे आधी सांगतो. सील नीट, तारीख ताजी. आत ई, सी, बी 12, बी 2, झिंक, सेलेनियम. उपाशीपोटी घेतली तर मळमळतं, जेवून घेतली की काही नाही.

खरी गंमत पुढे. कॅप्सूल सुरू केली आणि लघवी पिवळीधम्मक. दुकानदाराला फोन लावला तर म्हणे, “बघा, विष बाहेर पडतंय!” माझी पोरगी फार्मसीला आहे, ती हसून हसून लोळली. बी 2 म्हणजे रायबोफ्लेविन, ते मुळातच पिवळं. जास्तीचं झालं की लघवीवाटे निघून जातं. तिच्या आईने एक कॅप्सूल घेऊन बघितली, तिलाही तोच रंग. आता ती बाई आयुष्यात कधी फवारणीला गेलेली नाही, तिचं कुठलं विष निघालं?

दावा अगदीच हवेतला नाही. उंदरांना क्लोरपायरीफॉससोबत ई आणि सी दिलं, तर मेंदूतलं ऑक्सिडेशनचं नुकसान कमी दिसतं, असे प्रयोग झालेत. पण आपण उंदीर मारणारे, उंदीर नव्हे. क्लोरपायरीफॉस शरीरातलं कोलिनएस्टरेज नावाचं, नसांचे संदेश वेळेवर थांबवणारं एन्झाइम अडवतं. म्हणून घाम, लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक, अंग थरथरणं. तसं झालं तर दवाखान्यात अ‍ॅट्रोपिन हा उतारा लागतो, तिथे ही बाटली काय करणार? दुकानदार पार्किन्सनचीही भीती घालत होता. कीटकनाशकांचा त्या आजाराशी संबंध दिसलाय, हे खरंच. पण अमेरिकेत 800 पार्किन्सन रुग्णांवर झालेल्या चाचणीत रोज 2,000 युनिट व्हिटॅमिन ई देऊनही आजार वाढायचा थांबला नाही, हे 1993 लाच छापून आलंय. पोरीने मोबाईलवर काढून दाखवलं. बाटलीच्या मागेही बारीक अक्षरात आहेच, ‘औषधी वापरासाठी नाही’. पुढच्या बाजूला मात्र चमकणारा मेंदू!

रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ई चे जास्त डोस घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. हे दुकानात कुणी सांगितलं नाही.

2017 ला यवतमाळात कापसावर फवारताना वीसएक माणसं गेली. अंगावर धड किट नव्हतं. आमच्याकडची पोरंही अजून तोंडाला रुमाल बांधून पंप मारतात. रुमालातून वाफ सरळ आत जाते, आणि हातावर सांडलेलं कातडीतून शिरतं ते वेगळंच. एवढ्याच पैशात कार्ट्रिजवाला मास्क आणि नायट्राइलचे हातमोजे घ्या.

दोन तारे सीलबंद मालाचे आणि बी 12 चे. मी शाकाहारी, ते मला तसंही कमीच पडतं. उघडलेली बाटली दुकानदार परत घेत नाही, तेव्हा संपवतोय. वाळवीचं काम घेणाऱ्यांनी कामाला लागण्याआधी कोलिनएस्टरेजची रक्ततपासणी करून तो रिपोर्ट जपून ठेवा. पुढे काही वाटलं तर डॉक्टरला आकडा ताडून बघायला तोच लागतो.