प्राचीन इराणी नावांचे अर्थ शोधायला ‘एन्सायक्लोपीडिया इरानिका’ कसा आहे?

पारशी नावांचा अर्थ नेटवर शोधला की ‘अर्देशीर म्हणजे शूर सिंह’ छापाची उत्तरं हमखास मिळतात आणि तीच पुढे बारशाच्या यादीत जातात. एहसान यारशातेर यांनी कोलंबिया विद्यापीठात उभा केलेला ‘इरानिका’ हा इंग्रजी कोश नेटवर फुकट वाचता येतो. आधी तो उघडावा.

अर्देशीरचंच बघा. जुन्या फारसीत हे नाव ‘अर्तख्शस्सा’ असं होतं. अर्त म्हणजे आपलं ऋत (सत्य, विश्वाचा नियम), ख्शस्स म्हणजे क्षत्र (राज्य). ऋताच्या आधारावर ज्याचं राज्य आहे तो. उच्चार झिजत झिजत ‘अर्दशीर’ झाला आणि शेवटच्या ‘शीर’मध्ये लोकांना सिंह दिसू लागला.

मोठ्या राजांच्या नोंदींत ‘नाव’ असा वेगळा उपलेख असतो, त्यापासून सुरुवात करा. रूडिगर श्मिट यांनी लिहिलेले असे उपलेख या कोशाचं खरं धन आहेत. दारियसचा लेख जुनी फारसी, एलामी, बाबिली, अरामी आणि ग्रीक अशी सगळी रूपं समोर मांडतो आणि मगच अर्थाकडे वळतो. हा क्रम फार मोलाचा आहे. जुन्या फारसी लिपीत ‘उ’च्या आधीचा ‘ह’ लिहीत नसत, म्हणून शिलालेखात ‘दारयवउश्’ दिसतं. अरामी रूपात मात्र तो ‘ह’ टिकलाय. म्हणजे मूळ ‘दारय-वहु’. संस्कृत ‘स’च्या जागी इराणीत ‘ह’ येतो (सप्ताह आणि आपला ‘हप्ता’ आठवा), त्यामुळे वहु म्हणजे वसु आणि दारय म्हणजे धारय. चांगलं ते धरून ठेवणारा! एकाच भाषेतल्या रूपावरून अर्थ लावला असता, तर हा ‘ह’ हातचा गेला असता.

पारशी धर्माचा प्रेषित झरथुष्ट्र याच्या नावाचा अर्थ ‘सोनेरी तारा’ असा सांगतात, पण त्यातही सोनं नाही की तारा नाही. उत्तरार्ध सरळ ‘उष्ट्र’, म्हणजे उंट. पूर्वार्धात बहुतेक संस्कृत ‘जरत्’चा (म्हातारा) भाऊबंद आहे, पण त्यातला ‘थ’ अडचणीचा ठरतो. ती अडचण लेखात न लपवता मांडली आहे, हे विशेष आवडलं.

शोधताना ग्रीक आणि इराणी, दोन्ही रूपं टाकून पाहा. ग्रीक हिस्टास्पीस सापडला नाही तर त्याच नावाचं इराणी रूप गुश्तास्प शोधा. छापील खंड इंग्रजी ‘के’ अक्षरापर्यंतच पोचले आहेत. पुढच्या अक्षरांचे लेख नेटवर सुटे सुटे येत राहिले, त्यामुळे मध्ये बऱ्याच जागा रिकाम्या आहेत. संस्कृत शब्दही रोमन लिपीत असतात, त्याची सवय करावी लागते.

मितन्नी या उत्तर सीरियातल्या प्राचीन राज्याच्या राजांची नावं इराणी नव्हेत, संस्कृतच्या जवळची; त्यांच्यासाठी मात्र मानफ्रेड मायरहोफर यांचा जुन्या इंडो-आर्य भाषेचा, जर्मनमध्ये लिहिलेला तीन खंडांचा व्युत्पत्तिकोशच हवा. इसवी सनापूर्वी 14व्या शतकातला तुश्रत्ता म्हणजे ‘दशरथ’, असं आपल्याकडे सर्रास फिरतं. पण कीलाकार लिपीत ‘तुइशेरत्ता’ असंही लिहिलेलं सापडतं. तो ‘इ’ आणि ‘शे’ दशरथात कुठून आणणार? ‘त्वेषरथ’ (ज्याचा रथ आवेशाने धावतो तो) मात्र चपखल बसतो, आणि हा शब्द ऋग्वेदात (5.61.13) मरुतांच्या गणासाठी आलेला आहे.