कामाचा ताण मोजायचाय: पीएसएस-१० घ्यावी की कोपनहेगन?

रुग्णालयात एचआर सांभाळणाऱ्या एका मैत्रिणीला नर्सेसवरचा ताण मोजायचाय, पण प्रश्नावली ठरत नाहीये.

पीएसएस-१० (पर्सिव्ह्ड स्ट्रेस स्केल, म्हणजे जाणवणारा ताण मोजणारी प्रश्नावली) ही मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांच्या १९८३ च्या प्रश्नावलीची छोटी आवृत्ती. दहा प्रश्न, पाच मिनिटांचं काम. कोपनहेगन बर्नआउट इन्व्हेंटरी २००५ ची, १९ प्रश्नांची; ती बर्नआउट, म्हणजे ताणातून येणारा थकवा, मोजते. तीही फार वेळ खात नाही. खर्च? कोपनहेगन मोफत आहे. पीएसएस शैक्षणिक संशोधनाला मोफत, इतर वापराआधी परवानगीचं बघून घ्यावं.

खरा फरक आहे तो नेमकं काय मोजलं जातं यात. पीएसएस गेल्या महिन्याबद्दल विचारते: गोष्टी हाताबाहेर गेल्यासारख्या वाटल्या का? सासूचं आजारपण असो वा सलग नाइट ड्युट्या, आकडा एकच येतो. कोपनहेगनमध्ये थकवा तीन भागांत वेगळा निघतो: वैयक्तिक, कामाचा आणि रुग्णांशी संबंधित. कामाचा गुण जास्त आला, तर ड्युटीचं वेळापत्रक बदला असं व्यवस्थापनाला ठामपणे सांगता येतं. माझ्या मते नर्सेससाठी हेच मोलाचं.

गुण देताना पीएसएसमध्ये जपावं लागतं. ४, ५, ७ आणि ८ हे प्रश्न उलटे मोजायचे असतात, म्हणजे सर्वांत कमी उत्तराला सर्वांत जास्त गुण. ते राहून गेलं की सगळा निकाल चुकतो.

निदान मात्र दोन्हींतून होत नाही. आणि फॉर्मवर नाव मागितलंत, तर खरं कोणी लिहिणार नाही.

दर तिमाहीला झटपट अंदाज हवा असेल तर पीएसएस. कामात काय बदलायचं ते शोधायचं असेल, विशेषतः रुग्णसेवेत, तर कोपनहेगन.