गेट ते पोर्च, सत्तर फूट: झाडं लावून तेवीस महिने झाल्यानंतरचा अनुभव

आमचं घर जळगाव जिल्ह्यात, फैजपूरच्या बाहेर, काळ्या जमिनीत. गेट दक्षिणेला, घर उत्तरेला, मधे 70 फूट लांब आणि 11 फूट रुंद रस्ता. गच्चीवर उभं राहिलं की सातपुडा दिसतो, आणि एप्रिल-मे मध्ये त्याच गच्चीवर दुपारी पाय ठेवता येत नाही. जुलै 2023 मध्ये या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं लावली. आता दोन उन्हाळे काढून झाले, म्हणून लिहितोय. लावल्यावर महिन्याभरात लिहिलं असतं तर सगळंच छान दिसलं असतं.

सुरुवातीला मी झाडं फुलांवरून निवडली होती. पश्चिमेला गुलमोहर आणि बहावा, पूर्वेला ताम्हण, गेटजवळ कांचन, असा आराखडा कागदावर काढला आणि नानांना दाखवला. नाना म्हणजे माझे मोठे काका, आयुष्यभर केळी आणि कापूस केलेला माणूस. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि म्हणाले, "मे महिनामा कोनता झाडले पानं ऱ्हातस ते आधी देख, भो."

मे महिना चालूच होता. आम्ही दोघं गाडी काढून सावदा, रावेर, यावल असे तीन दिवस संध्याकाळी फिरलो, फक्त झाडं बघत. बहावा पिवळ्या झुंबरांनी लगडलेला, पण पानं जवळजवळ नाहीत, खाली जाळीसारखी विरळ सावली. गुलमोहर लालभडक, पालवी जेमतेम फुटायला लागलेली. आणि निंब? फाल्गुन-चैत्रात पानं झाडून मोकळा झालेला, नव्या पालवीने गच्च भरलेला. करंजाचं तर काय सांगू! मार्चअखेर आठवडा-दोन आठवडे उघडा पडतो आणि मग अशी चकचकीत पोपटी पालवी येते की ऐन वैशाखात त्याच्याखाली उभं राहिलं की डोळ्यांना बरं वाटतं. बाहेर 44-45 अंश असताना ज्या झाडाला पान आहे तेच गाडीवर आणि माणसावर सावली धरणार. फूल बघायला मला गेटपर्यंत चालत जाता येईल, पण सावली दुपारी तीन वाजता रस्त्यावरच पडली पाहिजे.

दुसरी गोष्ट दिशेची. आपल्याकडे मेच्या अखेरीस भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा कडेच्या झाडाची सावली त्याच्या बुंध्याशीच पडते. उलटा अशोक किंवा बॉटल पाम ओळीने लावून उपयोग होत नाही तो याचमुळे, त्यांना घेरच नाही. दुपारनंतर ऊन पश्चिमेकडून येतं. म्हणून पश्चिमेच्या बाजूला घेर धरणारी झाडं लावली: दोन निंब, दोन करंज, एकमेकांपासून 18 फुटांवर आणि रस्त्याच्या कडेपासून 7 फूट आत. पूर्वेला, जिथे फक्त सकाळचं ऊन अडतं, तिथे फुलांची हौस केली: दोन बहावा, एक बकुळ, एक ताम्हण. गेटवरून विजेची तार जाते, तिच्याखाली कांचन आणि पारिजातक. मागच्या कोपऱ्यात एक अंजन, कारण सातपुड्यातली अंजनाची झाडं लहानपणापासून मनात आहेत.

आता एकेकाचा अनुभव.

करंज पहिल्या नंबरावर. 3 फुटांची रोपं होती, आज 11 फूट आहेत. मेमध्ये दुपारी साडेतीनला पहिल्या करंजाची सावली रस्त्याच्या निम्म्यापर्यंत येते. आई आता पोर्चऐवजी तिथे खाट टाकून शेंगा सोलत बसते. पानांवर बारीक गाठी येतात, दिसायला वाईट दिसतं, पण झाडाला फरक पडलेला नाही. मी फवारणी केली नाही.

निंबात मी पैसे घालवले. एक निंब नर्सरीतून 9 फुटांचा, पोत्यातला आणला 1,800 रुपयांना, लगेच सावली मिळेल म्हणून. दुसरा 60 रुपयांचा, गुडघ्याएवढा. मोठा वर्षभर तसाच उभा राहिला, शेंडा वाळला, पालवी बुंध्यातून फुटली. शेजारची माती उकरून पाहिली तेव्हा मुळं पोत्यात होती तशीच गोल गोल वेटोळी घालून बसलेली, बाहेर पडायला तयारच नव्हती. आज 60 रुपयांचा निंब 12 फूट आहे आणि मोठा त्याच्या खांद्याला लागतो. रोप घेताना पिशवी फाडून मुळं बघा. नर्सरीवाला नाही म्हणाला तर रोप घेऊ नका.

बहावा 8 फूट, यंदा पहिल्यांदा दोन झुंबरं आली. बकुळ 23 महिन्यांत फूटभर वाढली, ती सावकाशच वाढते, माझी तक्रार नाही. अंजन अडीच फूट. पण हे झाड आधी खाली मूळ सोडतं आणि मग वर येतं, आणि यंदाच्या मेमध्ये सगळ्यात कमी पाणी त्यालाच लागलं. ताम्हण राज्यफूल म्हणून हौसेने लावलं, पण त्याला ओलावा लागतो. दोन्ही उन्हाळ्यांत पानांच्या कडा जळून तपकिरी झाल्या. नदीकाठी मळ्यात ते जोमाने येईल, माझ्या रस्त्याकडेला नाही.

आणि कोनोकार्पस. कुंपणाच्या भिंतीला लगेच हिरवा पडदा होतो असं सांगून नर्सरीने सहा रोपं गळ्यात मारली. वाढली मात्र झपाट्याने, दीड वर्षात 15 फूट. डिसेंबर 2024 मध्ये न्हाणीघराचं पाणी तुंबलं. चेंबरचं झाकण उचललं तर आत पाणी दिसेना. पांढऱ्या, केसासारख्या मुळांचा गच्च गोळा पाइपाच्या तोंडातून बाहेर आलेला, गुरांच्या आंबोणासारखा लगदा. हाताने ओढला तर वीतभर बाहेर आला आणि तुटला, उरलेलं आतच. पाइप फोडून बदलावा लागला. चेंबर आणि सगळ्यात जवळचं झाड यांत चार फूटसुद्धा अंतर नव्हतं. आपल्या शेजारच्या गुजरातने 2023 मध्ये या झाडाच्या लागवडीवर बंदी घातली, हे मला नंतर समजलं. सहाही झाडं मुळासकट काढली. तिथे आता मेंदीचं कुंपण आहे, ते दोन वर्षं घेईल, घेऊ दे.

काळ्या जमिनीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे झाड दगावतं ते बहुतेक वेळा इथे. खड्डे 3 बाय 3 बाय 3 फुटांचे घेतले आणि मेभर तापू दिले. भरताना निघालेली माती, शेणखत, वाळू आणि दोन किलो निंबोळी पेंड. पावसाळ्यात काळ्या मातीत पाणी साचून मुळं गुदमरतात, म्हणून रोप जमिनीपासून वीतभर उंचवट्यावर लावलं. उन्हाळ्यात उलटा त्रास: माती आकसते, भेगा पडतात आणि बारीक मुळं तुटतात. पहिल्या एप्रिलमध्ये एका करंजाच्या भोवती हात जाईल एवढी भेग पडली होती. वाळूमिश्रित मातीने ती भरली, वर आच्छादन केलं.

आच्छादनाला आधी पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, बारीक करून टाकली. तीन आठवड्यांत उधई (वाळवी) लागली, आणि ती बहाव्याच्या सालीवर मातीची नळी करून चढली. पऱ्हाटी उचलून टाकली, बुंध्याला बोर्डो पेस्ट लावली (1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी) आणि केळीची वाळलेली पानं अंथरली, ती आमच्याकडे फुकट मिळतात. बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी ठेवायची, हे मला आधी माहीत नव्हतं. बोर्डोच्या फिकट निळसर थराचा आणखी एक फायदा म्हणजे पश्चिमेच्या उन्हाने कोवळी साल भाजत नाही.

पाणी ठिबकने, प्रत्येक झाडाला ताशी 8 लिटरचे दोन ड्रिपर. पहिल्या वर्षी रोज थोडं देत होतो, ती चूक झाली, मुळं वरवर राहिली. दुसऱ्या उन्हाळ्यात दर तिसऱ्या दिवशी चार तास, म्हणजे झाडामागे 64 लिटर, आणि ड्रिपर बुंध्यापासून तीन फूट बाहेर सरकवले. फरक महिन्याभरात दिसला, दुपारी पानं लोंबायची ती लोंबेनाशी झाली. बोअरचं पाणी एप्रिलात खाली जातं तेव्हा हे अंतरावर दिलेलं पाणीच परवडतं.

रस्त्याचं काम एका वाक्यात सांगण्यासारखं नाही, तरी थोडक्यात. पेव्हर ब्लॉक काळ्या मातीवर थोडा मुरूम टाकून बसवून घेतले होते, पहिल्या पावसात चाकांच्या दोन ओळी खचल्या. दीड फूट काळी माती काढून, टणक मुरूम थराथराने दाबून, वर कच (खडीचा चुरा) टाकून पुन्हा बसवले. आता दोन बोटंही हललेले नाहीत. काँक्रीट न करता ब्लॉक केले याचं समाधान आहे, पावसाचं पाणी सांध्यांतून खाली मुरतं आणि झाडांच्या वाट्याला येतं.

जूनच्या वादळात आमच्या भागात केळीच्या बागा आडव्या होतात, तशी ही झाडंही हलली. दोन बांबू आणि जुन्या साडीच्या पट्टीने सैल आठ आकडा करून बांधलेली तगली. एकाला सुतळीने घट्ट बांधलं होतं, त्याच्या सालीत वळ उतरला, तो अजून दिसतो.

या जुलैत ताम्हण काढून मळ्यात, विहिरीजवळ हलवणार आहे. त्या जागी तिसरा करंज. रोप नानांनीच बिया टाकून तयार केलंय, दोन फुटांचं आहे, आणि खड्डा मेपासून उघडा ठेवून तापवलाय.