बीएलडीसी पंखा: आठ महिन्यांनंतर

हॉलमधला जुना पंखा कुरकुरायला लागला म्हणून बीएलडीसी, म्हणजे ब्रशलेस डीसी मोटरवर चालणारा, कमी वीज खाणारा पंखा आणला. जुना पूर्ण वेगात ७५ वॅट खायचा, हा २८ वॅट खातो. दिवसाला १२ तास धरले तर रोज अर्ध्या युनिटहून जास्त वाचतं. खरी गंमत मंद वेगावर आहे. सर्वांत कमी वेगाला मीटर जोडून पाहिला तर जेमतेम ५ वॅट! ह्याच्या रोटरमध्ये, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागात, कायमचे चुंबक असतात, त्यामुळे तिथे वीज उष्णता होऊन वाया जात नाही. तासन् तास फिरूनही मोटर कोमटच लागते.

पण बसवताना इलेक्ट्रिशियनने भिंतीवरचा जुना रेग्युलेटर तसाच ठेवला. दोन दिवस पंखा उचकी लागल्यासारखा थांबत-थांबत फिरत होता आणि मी उगाच कंपनीला शिव्या घालत होते. रेग्युलेटर काढला, उचकी थांबली. हे माहितीपत्रकात ठळक छापायला काय जातं?

रिमोट मात्र डोक्याला ताप. सोफ्याच्या फटीत गेला की घरभर शोधाशोध, आणि सासूबाई सरळ भिंतीवरचं बटण बंद करून मोकळ्या होतात. बेडरूमसाठी दुसरा घेणार आहे, पण भिंतीवरून वेग बदलता येणारा.