कार्ड आणि पेमेंट अ‍ॅपचा रिव्ह्यू : पैसे माझे, पण कुठे खर्च करायचे ते बँक ठरवते (२ स्टार)

रोजच्या वापरात या कार्डबद्दल आणि त्याच्या अ‍ॅपबद्दल माझी काहीच तक्रार नाही. अ‍ॅप अडकत नाही, ओटीपी पटकन येतो, रिफंड वेळेत जमा होतो, स्टेटमेंट वाचलं की कळतं. एवढ्यावर मी आरामात ४ स्टार दिले असते. २ कापलेत ते एकाच गोष्टीसाठी, आणि ती जरा सविस्तर सांगते कारण कार्डांचे रिव्ह्यू वाचायला गेलं की सगळीकडे कॅशबॅक आणि पॉइंट्स, यावर कोणी बोलतच नाही.

एका छोट्या डेव्हलपरची हॉरर गेम घ्यायची होती, त्याच्या साइटवरून थेट. पूर्ण कायदेशीर गेम, प्रौढांसाठी म्हणून स्पष्ट लिहिलेली, आणि मी प्रौढ आहे. खात्यात पैसे होते, लिमिट शिल्लक होती, इंटरनॅशनल व्यवहार चालू होते. तरी स्क्रीनवर आलं, "व्यवहार नाकारला गेला, कृपया बँकेशी संपर्क साधा." साधला. तिकडच्या मुलीने सांगितलं, "मॅडम, तुमच्या सुरक्षिततेसाठी थांबवलाय." म्हटलं फ्रॉडचा संशय आहे का, तर म्हणे नाही, या प्रकारच्या मर्चंटला कार्डवर परवानगी नाहीये. कुठला प्रकार? "ते आम्हाला इथे दिसत नाही मॅडम." आता त्या मुलीवर चिडण्यात काही अर्थ नाही, तिच्यासमोर जेवढं दिसतं तेवढंच ती सांगणार. पण जर फ्रॉड नाही तर "तुमच्या सुरक्षिततेसाठी" हे वाक्य कशाला? माझं कुठलं नुकसान टळलं?

मग हे सगळं चालतं कसं ते खोदून वाचलं. कार्ड घेणाऱ्या प्रत्येक दुकानाला त्याची बँक एक ४ अंकी कोड लावते, मर्चंट कॅटेगरी कोड. जुगार-बेटिंगला ७९९५, सिगार-तंबाखूच्या दुकानाला ५९९३, औषधाच्या दुकानाला ५९१२ असं. आपल्या बँकेला दिसतो तो मुख्यतः हा कोड, दुकानाचं नाव आणि रक्कम. पिशवीत नेमकं काय आहे ते सहसा दिसतच नाही. म्हणजे बंदी घालायची झाली की ती वस्तूवर नाही, अख्ख्या दुकानावर पडते, आणि कोड चुकीचा लागला असेल तर बिचाऱ्या दुकानदाराबरोबर आपणही अडकतो.

आणि कारण कळत नाही ही सबब तर मला अजिबात पटलेली नाही. व्यवहार नाकारला जातो तेव्हा बँकेच्या सिस्टममधून उत्तरादाखल कोड जातो, त्याला रिस्पॉन्स कोड म्हणतात. ५१ म्हणजे पैसे कमी, ५४ म्हणजे कार्डाची मुदत संपली, ५७ म्हणजे या कार्डधारकाला असा व्यवहार करायची परवानगी नाही. बऱ्याचदा नुसता ०५ जातो, म्हणजे "व्यवहार मान्य करू नका", विषय संपला. पण तो ०५ पाठवायचा की ५७ हे बँकच ठरवते ना, मग आतमध्ये कारण नोंदलेलं असणारच. ते माझ्या अ‍ॅपमध्ये एका ओळीत दाखवायला काय हरकत आहे? दाखवत नाहीत कारण दाखवलं की ग्राहक विचारणार, हा नियम कुठे लिहिलाय?

बरं हे फक्त माझ्या बँकेपुरतं असतं तर कार्ड बदललं असतं. पण मध्ये लांबलचक साखळी आहे, माझी बँक, कार्ड नेटवर्क (व्हिसा, मास्टरकार्ड वगैरे), दुकानाची बँक, दुकानासाठी पेमेंट हाताळणारी कंपनी म्हणजे पेमेंट प्रोसेसर, आणि यातला कोणीही नाही म्हटला की व्यवहार मेला. जुलै २०२५ मध्ये स्टीम या ऑनलाइन गेम विकणाऱ्या साइटवरून बऱ्याच प्रौढांसाठीच्या गेम्स गेल्या आणि छोट्या डेव्हलपरच्या गेम्स विकणाऱ्या इच डॉट आयओने तर असा सगळा कंटेंट सर्चमधूनच काढून टाकला, ज्यांनी काही वावगं केलं नव्हतं असे लोकही त्यात गेले. ऑस्ट्रेलियाच्या कलेक्टिव्ह शाउट या गटाने पेमेंट कंपन्यांवर दबाव आणला होता. यावर मास्टरकार्डने १ ऑगस्टला सांगितलं की आम्ही कुठलीही गेम तपासलेली नाही आणि निर्बंध मागितलेले नाहीत. स्टीम चालवणारी व्हॉल्व्ह म्हणाली की मास्टरकार्ड आमच्याशी थेट बोललंच नाही, पण प्रोसेसरनी मास्टरकार्डच्याच ५.१२.७ नंबरच्या नियमाकडे बोट दाखवलं, ब्रँडची बदनामी होईल असे व्यवहार नकोत असा तो नियम आहे. सगळी नुसती टोलवाटोलवी! गेम गेल्या, पण काढायला कोणी लावल्या याचं उत्तर द्यायला एकही जण पुढे नाही. याचा मला मनापासून राग येतो, कारण कायद्याने बंदी घातली तर निदान कोर्टात जाता येतं, इथे जायचं कुणाकडे?

कोर्टात गेलेले लोकही आहेत म्हणा. डिसेंबर २०१० मध्ये व्हिसा, मास्टरकार्ड, पेपाल यांनी विकिलीक्सच्या, म्हणजे सरकारांची गुप्त कागदपत्रं उघड करणाऱ्या साइटच्या, देणग्या बंद केल्या, तेव्हा कुठल्याही कोर्टाने तसा आदेश दिलेला नव्हता. आइसलंडमध्ये व्हिसाचं काम बघणाऱ्या व्हॅलिटर कंपनीविरुद्ध खटला गेला आणि २०१३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पेमेंट परत सुरू करा. पण तोवर किती काळ गेला बघा. विकिलीक्स तुम्हाला पटो न पटो, स्वतःच्या पैशातून कुणाला देणगी द्यायची हे कार्ड कंपनीने का ठरवावं?

सगळेच निर्बंध वाईट असं मी म्हणत नाहीये. डिसेंबर २०२० मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डने पॉर्नहबवरची पेमेंट थांबवली ती अल्पवयीनांचे आणि संमतीशिवाय टाकलेले व्हिडिओ तिथे असल्याचं समोर आल्यावर, आणि साइटने त्यानंतर लाखो अनव्हेरिफाइड व्हिडिओ काढले. तिथे दबाव हवाच होता. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या काही मोठ्या बँकांनी क्रेडिट कार्डवर क्रिप्टो घ्यायला बंदी केली तेही समजू शकते, क्रेडिट कार्डावर पैसा बँकेचा अडकलेला असतो. ब्रिटनमध्ये १४ एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डाने जुगार खेळता येत नाही, पण तो नियामकाचा नियम आहे, आधी जाहीर केलेला, तारखेसकट, सगळ्यांना एकसारखा लागू. नियम असा उघड असला की मान्य नसला तरी त्याच्याशी भांडता येतं.

आणि खरी चांगली सोय कशी असते तेही तिथेच दिसतं. बार्कलेज बँकेने २०१८ मध्ये अ‍ॅपमध्ये कॅटेगरीप्रमाणे स्विच दिले, जुगाराच्या साइट बंद, पब बंद, पेट्रोल पंपसुद्धा बंद करता येतात, ग्राहकाला हवं ते. मॉन्झो बँकेच्या जुगाराच्या ब्लॉकमध्ये तर बंदी उठवायची म्हटली की आधी सपोर्टशी बोलायचं आणि वर ४८ तास थांबायचं, म्हणजे ज्याला व्यसन आहे त्याला त्या क्षणी सावरायला वेळ मिळतो. कॅटेगरी कोड तेच असतात, फक्त स्विच कोणाच्या हातात आहे एवढाच प्रश्न. माझ्या अ‍ॅपमध्ये एटीएम, ऑनलाइन, कॉन्टॅक्टलेस, इंटरनॅशनल असे चार स्विच दिलेत, हौसेने दिलेत, पण दुकानांच्या प्रकाराचा एकही नाही. तो त्यांनी स्वतःकडे ठेवलाय आणि तो आहे हेसुद्धा सांगत नाहीत.

नवीन कार्ड घेणार असाल तर वेलकम ऑफरच्या आधी एवढं विचारा, कुठल्या प्रकारच्या दुकानांवर कार्ड चालत नाही त्याची यादी लेखी द्याल का. मला आमच्या बँकेने अटी-शर्तींची लांबच लांब फाइल पाठवली, त्यात "बँकेच्या विवेकानुसार" एवढंच वाक्य सापडलं, यादी नाहीच. व्यवहार अडकला तर फोनवर न थांबता ईमेलने रिस्पॉन्स कोड आणि मर्चंटचा कॅटेगरी कोड मागा, या दोन गोष्टी लेखी मागितल्या की तक्रार पुढे सरकते, नुसतं "पेमेंट फेल झालं" म्हटलं की परत कार्ड स्वाइप करून बघा असं सांगून वाटेला लावतात.

मी दोन्ही कोड मागितलेत. कॅटेगरी कोड मिळाला, रिस्पॉन्स कोड "अंतर्गत माहिती" म्हणून नाकारला, त्यावर वरच्या लेव्हलला तक्रार टाकलीये. त्यांनी कारण लेखी दिलं, मग ते मला पटो वा ना पटो, तर एक स्टार वाढवेन, आणि अ‍ॅपमध्ये कॅटेगरीचा स्विच आला तर दुसराही.