चिप बसवावी की पट्ट्यावरचा नंबर पुरे?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी जिन्यात सुतळी बॉम्ब वाजला आणि आमची चार किलोची पॉमेरियन मागे मागे सरकत पट्ट्यातून सुटली. साखळीसकट पट्टा माझ्या हातात, त्यावर ठसठशीत कोरलेला फोन नंबरही माझ्याच हातात, आणि ती रस्त्यावर. पलीकडच्या सोसायटीच्या वॉचमनने तिला ओळखलं, म्हणून तासाभरात मिळाली. त्या रात्री चिपचा विचार पहिल्यांदा मनापासून केला.

चिप म्हणजे कुत्र्याच्या कातडीखाली सुईने बसवायची तांदळाच्या दाण्याएवढी काचेची कुपी, साधारण १२ मिमी लांब, २ मिमी जाड. आत बॅटरी नसते. स्कॅनर अगदी जवळून फिरवला की १५ आकडी नंबर दिसतो, बस. कुत्रा कुठे आहे हे ती सांगत नाही. ते काम जीपीएस ट्रॅकरचं, आणि तो चार्ज करावा लागतो, शिवाय एवढ्याशा मानेला जड होतो. चिपच्या नंबरापुढे तुमचं नाव आणि फोन लागावा म्हणून नोंदणी वेगळी करावी लागते. तीच राहून गेली तर चिप असून नसल्यासारखी.

आता पट्टा. हरवलेलं कुत्रं आधी सापडतं ते वॉचमनला, भाजीवाल्या मावशींना, शाळेतून येणाऱ्या पोरांना. त्यांच्याजवळ स्कॅनर नसतो, फोन असतो. आपल्याकडे प्रत्येक दवाखान्यातही स्कॅनर असतोच असं नाही. तुमच्या डॉक्टरांना आधी विचारा. म्हणून पहिल्या तासाला पट्टाच कामाचा. लहान कुत्र्याला लोंबता बिल्ला नको, तो पाण्याच्या भांड्यावर आपटतो आणि कडी उघडून पडतो. पट्ट्यावरच नंबर शिवून घ्या.

पण लहान जातिवंत कुत्रं कुणीही काखोटीला मारून नेऊ शकतं. पट्टा काढून फेकला आणि ‘हे आमचंच’ म्हटलं, की तुमच्याकडे फोटोंशिवाय काय उरतं? तिथे चिपच बोलते.

सुईची भीती मलाही होती, कारण ती लशीच्या सुईपेक्षा जाड असते. डॉक्टरांनी खांद्यांमधली कातडी चिमटीत धरली, एकदा कुंई झालं, रक्ताचा एक थेंब आला, आणि बाईसाहेब बिस्किटाकडे वळल्या. फारच लहान पिल्लू असेल तर सुमारे ८ मिमीची बारीक चिपही मिळते. नसबंदी व्हायची असेल तर त्याच भुलीत बसवून घ्या.

परदेशी जायची शक्यता असेल तर मात्र प्रश्नच मिटला. युरोप, ब्रिटनला चिप लागतेच. १ ऑगस्ट २०२४ पासून अमेरिकेलाही. आणि क्रम चुकवू नका: आधी चिप, मग रेबीजची लस. युरोपच्या नियमात चिपच्या आधी दिलेली लस धरत नाहीत. भारतातून जाताना त्या लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ततपासणी आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबणं आलं, म्हणजे क्रम चुकला की सगळं पहिल्यापासून.

माझं मत विचाराल तर पट्टा आजच, चिप पुढच्या लशीच्या फेरीला, त्या लशीच्या आधी. आम्ही दोन्ही केलं. नंबराचं स्टिकर लसीकरणाच्या कार्डावर चिकटवलंय, आणि दरवर्षी लशीला गेलो की डॉक्टरांना पाठीवरून खांद्यांपर्यंत एकदा स्कॅनर फिरवायला सांगते, कारण चिप कधी कधी जागेवरून सरकते.